प्रणित पोहायला गेला नव्हता

खाडीकाठचा माणूस खाडीत पोहायला जात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शहरातल्या माणसाला ते पटकन उमगत नाही. पोहायला जातात ते खारघरच्या टॉवरमधले लोक, निळ्या टाइल्सच्या पाण्यात, डोक्याला रबरी टोपी लावून. आमच्या तळखार गावात पाण्यात उतरायचं ते मासे धरायला, चिंबोऱ्या काढायला, नाहीतर बांधाला खांड पडली तर चिखल लावायला. काम झालं की बाहेर. अवसेच्या उधाणाला, भरती लागायच्या वेळी, गंमत म्हणून बांधाच्या मोरीत, उघाडीत, उडी मारणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचा आहे.

तरी पोलिसांच्या कागदावर माझ्या भावाबद्दल तसंच लिहिलं गेलं. सैन्यातून रजेवर आलेला प्रणित कमळाकर घरत हा सकाळी पोहण्यासाठी गेला असता, पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मयत. पाण्याचा अंदाज न आल्याने! चालायला लागला तेव्हापासून ज्याचे पाय त्या चिखलात होते, त्याला अंदाज आला नाही. एका ओळीत त्याचा जीवही गेला आणि अक्कलही गेली. आणि हे पोलिसांना सांगणारा माणूस दुसरातिसरा कोणी नव्हता, माझा बाप होता.

मी नीता, प्रणितची थोरली बहीण. बेलपाड्याला दिलेली. सर्वपित्रीच्या सकाळी फोन आला तेव्हा मी नैवेद्याच्या वड्यांचं पीठ भिजवत होते. तशीच रिक्षात बसले. पोचले तर अंगणात माणसं आणि मधोमध चादरीखाली प्रणित. आई त्याच्या पायांशी बसली होती. ती रडत नव्हती, संतापली होती. जो दिसेल त्याला एकच विचारत होती.

"माजा पोर उधानाला उघाडीत पोवाया जाईल? येडा हाय काय तो?"

माणसं मान खाली घालून बाजूला सरकत होती. मला वाटलं दुःखाने बोलवत नसेल. दुःख कसलं! गावकीचं ठरलं होतं.

गावकी म्हणजे काय ते ज्यांच्या गावात नसते त्यांना सांगावं लागतं. ग्रामपंचायत वेगळी, ती सरकारची. गावकी गावाची. देवळात बैठक बसते, फक्त पुरुषांची. पालखी कधी, कोणाला दंड किती, उघाडीवरची मासेमारी यंदा कोणाला द्यायची, सगळं तिथे ठरतं. एकदा ठरलं की बाहेरच्या माणसासमोर सगळं गाव तेच सांगणार आणि तेही एकाच माणसाच्या तोंडून. तो माणूस उभा राहून "गावकी सांगते" म्हणतो आणि बाकीचे गप्प बसतात. मध्ये कोणी तोंड घातलं तर दंड, आणि उलट बोलला तर वाळीत. मग त्याच्या घरी कोणी हळदीला येणार नाही, मयतीलाही नाही. गेली कित्येक वर्षं तळखारचं ते तोंड म्हणजे माझे बाबा, कमळाकर घरत. मोठ्या अभिमानाने मिरवायचे. आमच्या घरात दोन गोष्टी भिंतीवर होत्या, देवाची तसबीर आणि गावकीने बाबांना दिलेल्या सत्काराचा फोटो. प्रणितचा वर्दीतला फोटो कपाटात होता, कारण खिळा मारायला कोणाला सवड झाली नव्हती.

पोलीस आले तेव्हा बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "पोवाया गेला होता." हवालदाराने लिहून घेतलं. पोराच्या प्रेतासमोर बापच सांगतोय म्हटल्यावर तो तरी कशाला उलटतपासणी करेल?

लष्कराची चार माणसं येऊन पुष्पचक्र वाहून गेली. त्याच संध्याकाळी गावात दुसरी कुजबुज सुरू झाली. कॅन्टीनची बाटली. फौजी म्हटला की रात्री घेतलीच असणार, सकाळी उतरली नसणार, मग पाण्याचा अंदाज कुठून येणार? प्रणितने उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दर सुट्टीला बाटल्या मात्र आणायचा, कारण नाही आणल्या तर पोरगा माजला म्हणायला हेच गाववाले पुढे. त्याच्या बाटल्या ज्यांनी ओट्यावर बसून रिकाम्या केल्या, तीच तोंडं आता त्याला दारुडा ठरवत होती. मला एकेकाच्या घरी जाऊन कानाखाली वाजवावीशी वाटली. जाऊबाई बरोबर होती म्हणून राहिले.

दुसऱ्या दिवशी आईने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि प्रणितचे धावायचे बूट माझ्यापुढे ठेवले. बांधावर सापडले म्हणून गावातल्या कोणीतरी आणून दिले होते. पोहायला जाताना काढून ठेवलेले, एकाला एक लावून नीट ठेवलेले, असं सांगून.

"हात लाव," आई म्हणाली.

बूट ओले होते. आत बोटभर गाळ भरला होता. आणि नाड्या सोडलेल्या नव्हत्या, कापलेल्या होत्या. ओली गाठ सुटेना म्हणून सुरीने सरळ कापलेल्या.

बूट घालून कोणी पोहायला जातं का? माझ्या भावाच्या पायातून, तो मेल्यावर, कोणीतरी बूट कापून काढले होते आणि बांधावर मांडून ठेवले होते. मी त्या कापलेल्या टोकांवरून परत परत बोट फिरवलं. आई मात्र ताठ बसून होती. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, फक्त सांगणारं कोणी मिळत नव्हतं.

सांगणारी तिसऱ्या दिवशी मागल्या दारी आली. हौसा, कातकरवाडीतली. तिचा नवरा शिवा उघाडीवर काळूरामच्या हाताखाली कामाला होता. काळूराम म्हणजे उघाडीचा ठेका घेतलेला आमचा भावकीतला माणूस, बाबांचा चुलतभाऊ. हौसा उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. तिच्या कडेला पोर होतं आणि रस्त्यावर तिचं बिऱ्हाड भरलेला टेम्पो उभा होता.

"बाय, तुजा भाव पोवाया नाय गेला," ती म्हणाली. "माज्या मानसासाटी गेला."

तिने जे सांगितलं ते समजायला उघाडी समजायला हवी. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून आमच्याकडे बांध घातलेले आहेत. त्या बांधात दगडी मोरी असते, तिला बाहेरच्या अंगाने लाकडी झडपा टांगलेल्या. ओहोटीला आतलं पाणी झडपा ढकलून बाहेर जातं. भरती लागली की बाहेरचं पाणी त्याच झडपा दाबून मिटवतं आणि मोरीच्या तोंडाशी पाणी थांबतं. माणसाने हात लावायची गरज नाही. ही उघाडी. आमच्याकडच्या लहान पोराला पाढे येत नसतील, पण भरती लागली की झडपा मिटतात हे येतं.

पण शेती गेली. जमिनी संपादनात गेल्या, भात कोण लावतो? मग काळूरामने डोकं चालवलं. झडपांमध्ये जाडजूड वासा अडकवून ठेवला की त्या मिटतच नाहीत. भरतीबरोबर कोळंबीचं पिल्लू आत येतं, आत वाढतं, आणि ओहोटीला मोरीच्या तोंडाला जाळं लावलं की मेहनतीशिवाय पाट्याच्या पाट्या भरतात. असं करायला सरकारची सक्त मनाई आहे, कारण बांध फुटतो. म्हणून गावकीने गुपचूप परवानगी दिली. त्या कोळंबीच्या जोरावर गेल्या वर्षी देवळाला संगमरवर बसला.

अवसेच्या सकाळी ओहोटी संपता संपता जाळं वाशाला अडकलं. काळूरामने शिवाला खाली उतरवलं. शिवा जाळं सोडवत असतानाच भरती लागली. उधाणाची भरती, आणि उघडी मोरी. पाणी आत ओढायला लागलं, जाळ्याने शिवाचे पाय धरले आणि तो मोरीच्या तोंडाशी चेपला गेला. बांधावर हौसा रडत होती; काळूराम आणि त्याचे दोन गडी नुसते बघत उभे राहिले.

प्रणित त्याच वेळी बांधावरून धावत येत होता. सुट्टीतही त्याचं सकाळचं धावणं चुकायचं नाही. त्याने हौसाला रडताना पाहिलं, खाली शिवाला पाहिलं.

"मना बोलला, भिव नको, आता झडपा मिटतील," हौसा सांगत होती. "आनि बुटासकट उडी टाकली. मी वरडली, वासा हाय, वासा हाय! पन तवर तो पान्यात."

त्याचा अंदाज चुकला नव्हता. आमच्या कुठल्याही माणसाने तसंच केलं असतं. झडपा मिटणार, पाणी थांबणार, शिवाला जाळ्यातून सोडवून वर ढकलायला पुरेसा वेळ मिळणार. तो जन्मभर शिकला तेच त्याने केलं, आणि त्याच्याच गावाने ते खोटं करून ठेवलं होतं. वासा ठाऊक असलेली तीन धडधाकट माणसं बांधावर उभी होती. त्यांतल्या एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही. ओरडली ती एकटी हौसा.

तो शिवापर्यंत पोचला. हौसाने स्वतः पाहिलं. त्याने शिवाची मान पाण्यावर धरली, दुसऱ्या हाताने जाळं ओढत राहिला, आणि पाणी वाढत वाढत दोघांनाही मोरीत घेऊन गेलं. आतल्या अंगाने निघाले तेव्हा दोघंही गेलेले होते. शिवाला त्याच सकाळी वाडीमागच्या माळावर पुरून टाकलं, पोलीस यायच्या आत. काळूरामच्या माणसांनी खड्डा खणला. हौसाला सांगितलं, वीटभट्टीवर जा, परत येऊ नको.

"भट्ट्या तर अजून लागल्याबी नाय," ती म्हणाली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तशी पोराला सावरत पळाली.

गावाने एकाला मूर्ख ठरवलं होतं, आणि दुसरा तर कधी नव्हताच. शिवाचं नाव निघालं तर वासा निघाला असता, वासा निघाला तर गावकी निघाली असती. म्हणून शिवा नको. आणि शिवा नको म्हटल्यावर माझ्या भावाच्या उडीला कारणच उरत नव्हतं, म्हणून तो पोहायला गेला. एवढा सोपा हिशेब! ज्याने कोणी बसून मांडला, त्याच्या हातून चहाचा कप तरी सांडला असेल का?

मी ते बूट उचलले आणि ओटीवर बाबांपुढे नेऊन आपटले.

"कोणी कापल्या या नाड्या?"

बाबांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हलू बोल. मानसा हायेत."

"तुम्हाला शिवाचं ठाऊक होतं?"

"गावकीत ठरला."

"वाशाचं ठाऊक होतं?"

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"मग प्रणितला का नाही सांगितलं? महिनाभर तो इथे होता, रोज त्या बांधावरून धावत होता. एका शब्दाने सांगायचं ना, की बाबा रे, झडपा आता मिटत नाहीत!"

बाबांनी हातातला पंचा एकदा उलगडला, परत त्याची घडी घातली. "तो सरकारी मानूस," ते म्हणाले. "सरकारी नोकरीतल्याला गावकीचा सांगायचा नाय. तसा नेम हाय."

पोटच्या पोराला सांगायचं नाही, कारण तो देशाच्या नोकरीत. हा नेम पाळला म्हणून माझा भाऊ मेला, आणि तो नेम अजून त्या माणसाच्या तोंडून तसाच, एकही शब्द न अडखळता बाहेर पडत होता. मी बाबांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते मी बोलले याचा मला पश्चात्ताप मात्र नाही.

दहाव्यानंतर निरोप आला की प्रणितच्या पलटणीतून एक सुभेदार त्याचं सामान घेऊन येतोय, आणि मरण कसं आलं याचा जबाबही घेणार आहे. गावात लगेच धावपळ. काळूराम स्वतः आमच्या ओटीवर आला, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात जाड साखळी.

"कमलाकरदादा, एकदा बोललायस, आता परत तवराच बोल. साहेब लिवून घेल आनि जाईल. मंग आपुन गावाच्या वाटंवर प्रणितच्या नावाची कमान बांधू. वर मोठ्या अक्षरात लिवू, वीर जवान."

मी दारातच उभी होते. "वीर कशाला, काळूरामकाका?" मी विचारलं. "पोहायला गेलेला ना तो? तसंच लिहा की. पोहायला गेलेला जवान."

काळूरामने माझ्याकडे पाहिलंही नाही. "लेकीला सांग, दिल्या घरी जा," तो बाबांना म्हणाला. "आनि बघ, गावकीचा शब्द मोडला तर तुला म्हाईत हाय. गोदूवैनीला उद्या खांदा द्यायला बी कोन येनार नाय."

गोदूवैनी म्हणजे माझी आई, ती आत भाकऱ्या थापत होती. तिने तिथूनच सांगितलं, "मना खांदा नको तुजा. मी चालत जाईन."

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मला कीव आली नाही.

सुभेदार महादेव जगदाळे साताऱ्याकडचे. पांढऱ्या मिशा, साधा शर्ट-पँट, हातात प्रणितची काळी ट्रंक. ट्रंकेवर त्याचं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलेलं, त्याच्याच वळणदार अक्षरात. ट्रंक घरी ठेवून ते देवळात गेले, कारण गावकीने तिथेच बोलावलं होतं. पुरुष संगमरवरावर मांडी घालून बसले होते. आई आणि मी बाहेर पायरीवर. आत यायची बायकांना परवानगी नाही, पण पायरीवर बसायला कोणी अडवू शकत नाही.

सुभेदारांनी आधीच बोलून दाखवलं. "मला जरा नवल वाटतंय मंडळी. आसामला पूर आला तेव्हा बोटीवर जायला पोरं नावाने बोलवावी लागत. घरत मात्र नाव घ्यायच्या आधी उभा. पाण्यात कुठे उतरायचं आणि कुठे नाही, हे आम्ही त्याला विचारायचो. त्याला अंदाज आला नाही म्हणता?"

सगळ्यांचे डोळे बाबांकडे.

बाबा उभे राहिले. टोपी नीट केली. मी बघत होते, ते अगदी नेहमीसारखे उभे होते, उघाडीच्या लिलावाला उभे राहतात तसे.

"गावकी सांगते," ते म्हणाले, "की कमलाकर घरताचा पोर प्रणित अवसेच्या सकाली उघाडीत पोवाया गेला. पान्याचा अंदाज आला नाय. बुडाला. गावकीला दुक हाय."

काळूरामने मान डोलावली. सुभेदारांनी लिहून घेतलं. मी आईचा हात धरला, तो थंडगार होता.

बाबा खाली बसले नाहीत.

"हा झाला गावकीचा," ते म्हणाले. "आता पोराचा बाप सांगतंय. लिवा सायब."

"दादा, बस," काळूराम म्हणाला.

"माजा पोर पोवाया नाय गेला. कातकरवाडीतला शिवा जाल्यात अडकलेला, त्याला काढाया गेला. भरती लागलेली. झडपा मिटतील म्हनून त्यानं उडी टाकली. झडपा मिटल्या नाय. आमी त्यात वासा घातलेला. काळूरामानं घातला, गावकीनं घालाया दिला, आनि वर हात करनाऱ्यात पयला हात माजा होता. मी पोराला सांगितला नाय. त्याचे बूट कापून बांधावर ठेवले ते बी मना म्हाईत होता. शिवाला माळावर पुरलाय. चला, जागा दावतो."

देवळात एकदम गलका झाला. दोघंतिघं उठून उभे राहिले. कोणीतरी बाबांच्या खांद्याला धरून खाली ओढलं, टोपी पडली. बाबा परत उभे राहिले, बोडक्या डोक्याने. माझ्या बापाला त्या दिवसापर्यंत मी टोपीशिवाय चारचौघांत पाहिलं नव्हतं.

"वाचवला तर कोनालाच नाय ना!" मागून एकजण ओरडला. "उगा कशाला मोठा करता?"

सुभेदार पहिल्यांदा चिडलेले दिसले. "वाचला की नाही ते पाण्याच्या हातात असतं," ते म्हणाले. "उडी मारली का, एवढंच मला लिहायचंय. तुमच्यापैकी कोणी मारली होती?"

गलका थांबला. मग ते बाबांकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "घरतबाबा, हे मी वर पाठवीन. पोलिसांतही तुम्हाला परत जबाब द्यावा लागेल, मी बरोबर येतो. पण कोणाला वाचवायला गेला, त्याचं पूर्ण नाव लागेल. शिवा काय?"

"शिवा," बाबा म्हणाले.

"वडिलांचं नाव? आडनाव?"

बाबांनी काळूरामकडे पाहिलं. काळूरामने दुसरीकडे पाहिलं. सुभेदारांनी बैठकीला विचारलं, "कोणाला ठाऊक आहे?" कोणाला ठाऊक नव्हतं. या वेळी कोणी ठरवून गप्प नव्हतं. शिवाने गावाचं जाळं ओढलं होतं, बांधाची खांड बुजवली होती, त्या देवळाचा संगमरवर डोक्यावरून वाहिला होता. सगळ्यांनी त्याला शिवा म्हणून हाका मारल्या होत्या. पुढे काही असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मी पायरीवर बसून आठवून बघितलं. मलाही येत नव्हतं. संतापाने माझे कान तापले होते, आणि त्या संतापातून मला स्वतःला वगळता येईना.

संध्याकाळपर्यंत आम्ही वाळीत होतो. गिरणीवाल्याने दळण न दळता परत पाठवलं. बाराव्याच्या जेवणाला आम्ही घरचेच होतो, आणि सुभेदार. त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली. आई त्यांना आग्रह करून वाढत होती, आणि आमच्या रिकाम्या अंगणाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा हौसाला शोधायला निघालो. पळस्प्याच्या पुढे गोव्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना भट्ट्या. एकेका भट्टीवर उतरून विचारायचं, तळखारची हौसा आली का. बाबा सगळीकडे स्वतः विचारत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलेला तो माणूस, मजुरांपुढे उभा राहून विचारत होता आणि "नाय" ऐकून परत फिरत होता. ऊन चढलं तरी थांबले नाहीत. मी पाणी पुढे केलं ते घेतलं, पण माझ्याशी बोलले नाहीत आणि मीही नाही.

एका भट्टीवर हंगामाच्या आधीच कच्च्या विटा पाडायला सुरुवात झाली होती, तिथे ती दिसली. विटांचा चिखल पायाने तुडवत होती. पोर बाजूला झोळीत. आम्हाला पाहून तिला वाटलं हाकलून द्यायला आले, ती झोळीकडे धावली.

"भिव नको गो," बाबा म्हणाले. "मी सांगितला सगला. सायबाला सांगितला. आता शिवाचा पुरा नाव पायजे. बापाचा नाव, आडनाव. मना म्हाईत नाय."

हौसा चिखलाने भरलेले हात तसेच धरून उभी राहिली. बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिवा गोमा वाघमारे," ती म्हणाली.

मी लिहून घेतलं. बाबांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हटलं. मग परत एकदा.

"आदी इचाराया पायजे होता," ते म्हणाले. "माजा चुकला."

हौसा परत चिखलात उतरली. एक पाय टाकला, दुसरा टाकला. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या पोरानं बी नाय इचारला. पन त्यानं उडी टाकली."